सोळाची एमसीबी काढून बत्तीसची बसवू का?

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. थोडक्यात असं:

"स्वयंपाकघरात फ्रीज, मिक्सर, दोन हजार वॅटचं इंडक्शन आणि किटली, सगळं एकाच लाइनवर आहे. संध्याकाळी स्वयंपाक अर्धा होतो न होतो तोच सोळाची एमसीबी पडते. लगेच उचलली तर पाच मिनिटांत पुन्हा पडते, थोडं थांबलं की चालते. उन्हाळ्यात तर रोजचंच झालं होतं. पाऊस लागला तसं आणखी एक सुरू झालं. किटलीचं बटण दाबलं की तो मोठा खटका, ज्यावर 'टी'चं बटण आहे तो, पडतो आणि अख्खं घर बंद. ओसरीतली एक एचपीची घरघंटी सकाळी चांगली चालते. संध्याकाळी गुरगुरते आणि तिची दहाची एमसीबी पडते. वायरमन म्हणतो, सोळाची काढून बत्तीसची टाकून देतो. शेजारचे भाऊ म्हणतात, तो 'टी'वाला खटका काहून ठेवता, डायरेक्ट करून टाका. कोणाचं ऐकावं?"

ताई, दोघांचंही ऐकू नका. तुमच्या घरात तीन वेगवेगळे दोष आहेत आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे. ते ओळखायला तुम्ही पत्रात लिहिलंय तेवढंच पुरतं: कोणता खटका पडला आणि किती वेळानं पडला. वायरमनला बोलावल्यावर "लाइन जाते" असं न सांगता या दोनच गोष्टी सांगत जा, त्याचं अर्धं काम होतं.

आधी बॉक्समध्ये काय काय आहे ते पाहू. लहान, एकेरी खटके म्हणजे एमसीबी. त्या वायरीच्या रक्षणासाठी असतात, आणि 'सोळाची' म्हणजे सोळा अँपची. प्रत्येकीच्या आत दोन यंत्रणा असतात. पहिली म्हणजे दोन धातूंची मिळून केलेली पट्टी, जी जास्त करंटनं हळूहळू तापून वाकते आणि खटका पाडते. हिला मिनिटं लागतात. दुसरी चुंबकाची, जी शॉर्ट झालं की डोळ्याचं पातं लवायच्या आत पाडते. 'टी' बटणवाला रुंद खटका म्हणजे आरसीसीबी, ज्याला आपल्याकडे सगळे ईएलसीबीच म्हणतात. तो लोडकडे बघतच नाही. फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं परत आला की नाही एवढंच तो मोजतो. फरक ३० मिलिअँपचा झाला की पडतो. प्रत्यक्षात १५ ते ३० च्या मधे कुठंही पडू शकतो, आणि ते बरोबरच आहे.

आता पहिला दोष, संध्याकाळी पडणारी सोळाची.

वॅटला २३० व्होल्टनं भागलं की अँप मिळतात. इंडक्शन २००० वॅट म्हणजे ८.७ अँप. किटली १५०० वॅट म्हणजे ६.५. फ्रीज साधारण १. इतक्यातच सोळा पूर्ण झाले. त्यात ७५० वॅटचा मिक्सर लावला की आणखी ३.३, एकूण साडेएकोणीस. सोळाच्या एमसीबीनं साडेएकोणीस अँपला लगेच पडावं अशी अपेक्षाच नसते. प्रमाणाप्रमाणे तिनं १.१३ पट, म्हणजे १८ अँपपर्यंत तासभर पडायचं नाही, आणि १.४५ पट, म्हणजे २३ अँपच्या पुढे तासाच्या आत पडायचंच. मधला पट्टा तिच्या तापण्यावर सोडलेला आहे. म्हणून तुमची एमसीबी स्वयंपाक अर्धा झाल्यावर पडते. लगेच उचलली तर आतली पट्टी अजून गरमच असते, त्यामुळे दुसऱ्यांदा पाच मिनिटांतच पडते. दहा मिनिटं थांबलात की ती निवते आणि तुम्हाला वाटतं, झालं ठीक. एमसीबी खराब नाही. नेमून दिलेलं काम करते आहे.

उन्हाळ्यात जास्त का पडायची, तेही यातच आहे. एमसीबीवर लिहिलेला आकडा ३० अंशांना धरलेला असतो. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४५ असतं, पश्चिमेच्या भिंतीवरच्या बंद बॉक्सात ५० च्या वर जातं. तेवढ्या गरमीत सोळाची एमसीबी चौदा-साडेचौदासारखी वागते. बॉक्स चुलीच्या किंवा गॅसच्या भिंतीवर असेल तर हे बारा महिने होत राहतं.

संध्याकाळी आणखी एक गोष्ट होते. ज्या गावात घरं आणि शेतीपंप एकाच डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर आहेत, तिथं रब्बीत हरभऱ्याला पाणी सुरू झालं की व्होल्टेज १८० वर येतं. किटलीची ताकद तेव्हा १५०० वरून ९०० वॅटच्या आसपास घसरते. लिटरभर पाणी साडेतीन मिनिटांत उकळायचं त्याला पावणेसहा लागतात. इंडक्शनचं उलटं आहे. काही मॉडेल ताकद टिकवायला जास्त करंट ओढतात, १८० व्होल्टला २००० वॅटसाठी ११ अँप. म्हणजे किटली जास्त वेळ चालू राहते, इंडक्शन जास्त ओढतं, आणि दोघं एकाच वेळी चालू असण्याचा काळ वाढतो.

वायरमनच्या बत्तीसबद्दल बोलू. बत्तीसची बसवली की पडणं थांबेल, यात शंका नाही. पण बत्तीसची एमसीबी ३६ अँप तासभर निमूटपणे जाऊ देते. तुमच्या स्वयंपाकघरात अडीचची, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची वायर असेल तर पाइपातून, आपल्या उन्हाळ्यात, तिनं वीसेक अँप वाहावेत. दीडची असेल तर दहा-बारा. पीव्हीसीचं वेष्टन ७० अंशांपर्यंतच टिकायचं असतं. पुढे ते कडक होतं, तडकतं, आणि दोन वायरी पाइपात एकमेकींना चिकटतात. हे एका संध्याकाळी होत नाही. वर्ष-दोन वर्षांत होतं आणि दिसतं शेवटी. एमसीबीचा आकडा घरातल्या वस्तूंवरून ठरवायचाच नसतो, तो भिंतीतल्या वायरीवरून ठरतो: एकच्या वायरीला ६, दीडच्या वायरीला १०, अडीचच्या वायरीला १६ (फार तर २०), चारच्या वायरीला २५. वायर कितीची आहे हे तिच्या वेष्टनावरच छापलेलं असतं. बोर्ड उघडल्यावर वायरमनला वाचून दाखवायला सांगा.

एमसीबी बदलण्याआधी त्यानं एक काम मात्र करावं: मेन बंद करून त्या सोळाच्या एमसीबीचे वरचे-खालचे दोन्ही स्क्रू पाहावेत. स्क्रू ढिला असला की तिथंच उष्णता होते, ती आतल्या पट्टीला लागते, आणि बारा-तेरा अँपलाही एमसीबी पडते. वायरीचं टोक तपकिरी झालेलं असेल, प्लास्टिक करपल्याचा वास येत असेल, तर दोष इथंच आहे. तसं असेल तर जळकं टोक कापून, नवं सोलून, पूर्ण तांबं आत जाईल असं घट्ट बसवायचं. एमसीबीचं प्लास्टिकही काळं झालं असेल तर ती बदलायची, पण सोळाचीच, 'सी' प्रकारची (मोटर सुटतानाचा क्षणभराचा जास्त करंट सोसणारी), आयएसआयची खूण असलेली.

तीच तपासणी प्लगची करा, ही तुम्ही स्वतः करू शकता. किटलीची पिन जाड, सोळा अँपची आहे का? बऱ्याच घरांत ती कन्व्हर्टर लावून सहा अँपच्या बारीक सॉकेटात खोचलेली असते. अर्धा तास वापरून स्विच बंद करा, पिन काढा आणि तिला हात लावून पाहा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल, किंवा सॉकेटच्या भोकाभोवती पिवळट-तपकिरी डाग असेल, तर तो पॉइंट वापरणं आजच बंद. इंडक्शन किंवा किटली एक्स्टेन्शन बोर्डवर तर कधीच नको; त्याची वायर मोबाइल चार्ज करायच्या लायकीची असते.

खरा इलाज म्हणजे लाइन वाटून देणं. बॉक्सपासून स्वयंपाकघरापर्यंत अडीचच्या दोन स्वतंत्र लाइन, प्रत्येकीला सोळाची 'सी' प्रकारची एमसीबी. एकीवर फक्त इंडक्शन. दुसरीवर किटली आणि मिक्सर, दोन्ही मिळून दहा अँपही होत नाहीत. फ्रीज जुन्या लाइनवर राहू द्या. मग नव्या लाइनची एमसीबी पडली तरी दूध नासणार नाही. घर बांधून झालंय, त्यामुळे भिंत फोडण्यापेक्षा वरून केसिंग-कॅपिंगची पट्टी बरी. बॉक्स ते ओटा १० मीटर धरले तर लाल वायर २० मीटर, काळी २० मीटर आणि दोन्ही लाइनला मिळून हिरवी १० मीटर, वर दहा टक्के जास्त. न्यूट्रल दोन्ही लाइनला वेगळाच हवा. एका काळ्या वायरीवर दोन लाल वायरी चालवल्या की त्या काळीत दोघींचा करंट जमा होतो आणि तिच्यावर एमसीबी नसतेच. वायर वाचवायला हे सर्रास करतात, त्यामुळे उभं राहून पाहा.

हे होईपर्यंत काय? इंडक्शन चालू असताना किटली लावू नका, एवढंच पुरतं. फ्रीज, इंडक्शन आणि मिक्सर मिळून १३ अँप होतात, ते चालतं.

आता किटली. हा तिन्हींतला जिवाशी गाठ असलेला दोष आहे, म्हणून जरा सविस्तर.

बटण दाबताच आरसीसीबी पडते, एमसीबी जागेवर राहते. म्हणजे लोड जास्त नाही, शॉर्टही नाही; करंट कुठंतरी गळतोय. किटली, रॉड, गीझर या सगळ्यांच्या एलिमेंटमध्ये तापणारी तार एका धातूच्या नळीत असते आणि दोघांच्या मधे मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासलेली असते. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज अडवते. पण तिला ओल ओढायची खोड आहे. नळीच्या टोकाचं सील म्हातारं झालं की पावसाळ्यात हवेतला दमटपणा आत शिरतो, आणि उन्हाळ्यात ठणठणीत असलेली वस्तू जुलैमध्ये गळू लागते. महिनाभर न वापरलेली किटली तर हमखास. दुसरी जागा म्हणजे किटलीच्या बुडाचा गोल जोड आणि खालचा तळ. उतू गेलेलं पाणी, दूध, चहा तिथं साचतं.

दोष कुठं आहे ते पाहायची पद्धत अशी. चप्पल घाला, हात कोरडे ठेवा. घरातल्या सगळ्या वस्तूंच्या पिना काढा. नुसते स्विच बंद करून चालत नाही, कारण स्विच फक्त फेज तोडतो. न्यूट्रल आणि अर्थिंग जोडलेलंच राहतं, आणि गळती त्या बाजूनंही होते. मग आरसीसीबी उचला. सगळं काढलेलं असूनही पडली तर दोष वायरिंगमध्ये आहे, तो वायरमनचा विषय. टिकली तर किटलीचा रिकामा तळ नुसता खोचा. तेवढ्यानं पडली तर तळात किंवा वायरीत ओल. टिकली, तर किटलीत अर्धं पाणी भरून, तळावर ठेवून बटण दाबा आणि हात लगेच काढा. आता पडली तर एलिमेंट. त्यानंतर किटली काढून बाकीच्या वस्तू एकेक करून लावा, फ्रीज, मिक्सर, इंडक्शन, दर वेळी दोन मिनिटं थांबून. हे सोडू नका, कारण गळती बेरजेनं वाढते. प्रत्येक वस्तू थोडी थोडी गळतेच. मिक्सर चार आणि फ्रीज पाच मिलिअँप गळत असेल तर किटलीच्या आठनंही खटका पडू शकतो, आणि दोष एकट्या किटलीच्या माथी जातो.

ओल असेल तर किटली आणि तळ उलटे करून, पिन काढलेल्या अवस्थेत, दोन दिवस कोरड्या वाऱ्यात किंवा उन्हात ठेवा आणि परत लावून पाहा. झड लागली असेल तर पंख्याखाली. चुलीजवळ शेकू नका, प्लास्टिक वाकतं. वाळल्यावरही खटका पडला तर किटली दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. तिचं एलिमेंट बुडाला पक्कं जोडलेलं असतं, ते बदलत नाहीत. नवी घ्या. रॉडचंही तेच. गीझरचं एलिमेंट मात्र बदलतं.

तालुक्याच्या दुकानात दाखवायला नेलीत तर एक गोष्ट लक्षात ठेवा. बरेच जण सिरीज बोर्डवर शंभरचा बल्ब लावून बॉडी तपासतात, बल्ब पेटला नाही की "काही नाही, ठीक आहे" म्हणून परत देतात. आरसीसीबी पाडायला ३० मिलिअँप पुरतात. तेवढ्यात शंभरच्या बल्बची तार लालसुद्धा होत नाही. ही गळती ५०० व्होल्टच्या मेगरवरच, म्हणजे वेष्टनाचा विरोध मोजायच्या यंत्रावरच दिसते. पिनेच्या फेज-न्यूट्रलपासून अर्थपर्यंत एक मेगाओहमच्या वर यायला हवं. मेगर नसेल तर "ठीक आहे" या शब्दाला किंमत नाही, तुमच्या घरचा आरसीसीबी जास्त खरं बोलतोय.

आणि शेजारच्या भाऊंचं "डायरेक्ट करून टाका". आत्ता किटलीला कोणी हात न लावताही खटका पडतो. याचा अर्थ गळालेला करंट तिच्या तिसऱ्या पिनेतून, अर्थिंगच्या वायरीनं जमिनीत जातोय. तुमचं अर्थिंग निदान काही प्रमाणात जिवंत आहे. खटका काढून टाकला तर किटली चालेल, चहा होईल, गळती तशीच राहील. एमसीबीला ती दिसणारच नाही, कारण तिच्या हिशोबात ५०-१०० मिलिअँप म्हणजे काहीच नाही. उद्या एलिमेंट पूर्ण फुटून फेज थेट स्टीलच्या बॉडीला लागली तरी पाहा: जमिनीतून डीपीपर्यंतच्या वाटेचा विरोध १० ओहम धरला तर २३ अँप जातील. सोळाची एमसीबी एवढ्यावर पडायला कितीतरी मिनिटं घेते, कधी तासभर. तेवढा वेळ बॉडीवर वीज उभी असते. छातीतून ३० मिलिअँपच्या वर करंट थोडा वेळ गेला तरी हृदयाचा ठोका बिघडू शकतो. हा खटका नेमका त्याच आकड्यावर बेतलेला आहे. वर बत्तीसची एमसीबीही बसली असती, तर ती या २३ अँपला पडलीच नसती.

महिन्यातून एकदा 'टी' बटण दाबून पाहा. वीज असताना दाबल्यावर खटका पडलाच पाहिजे. नाही पडला तर आरसीसीबी बदलायची. पण 'टी' दाबून पडला म्हणजे अर्थिंगही चांगलं, असं समजू नका. ते बटण अर्थिंग तपासतच नाही, फक्त आतली यंत्रणा हलते का ते दाखवतं.

अर्थिंग कुठं गाडलंय हे ठाऊक नसेल तर शोधा. आपल्या काळ्या मातीचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे: पावसात फुगते, उन्हाळ्यात वीतभर भेगा पडतात. त्या वेळी माती पाइपापासून सुटते आणि हिवाळ्यात उत्तम असलेलं अर्थिंग मे महिन्यात नावापुरतं उरतं. अडीच मीटरचा जीआय पाइप उभा गाडलेला हवा, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला तोंड. होळीपासून पाऊस लागेपर्यंत आठवड्याला दोन बादल्या पाणी. नवा खड्डा घ्यायचा असेल तर न्हाणीच्या किंवा कूलरच्या सांडपाण्याजवळ घ्या, पाणी घालायची आठवण ठेवावी लागत नाही. न्यूट्रल गेला म्हणून अर्थिंगच्या तारेवर घर चालवायचा प्रकार गावात दिसतो. तुमच्या घरी तो कोणी करून ठेवलेला नाही ना, तेही वायरमनला विचारा. आरसीसीबी असलेल्या घरात तसं केलं तर खटका वर टिकतच नाही, आणि मग कोणीतरी खटकाच काढतो.

कूलरबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण उन्हाळ्यात तो घरात असणारच. त्याचा पंप पाण्यात बुडालेला असतो आणि त्याच्या वायरीचा जोड बहुतेक वेळा टेप गुंडाळून टाकीतच सोडलेला असतो. जोड पाण्याच्या वर, बॉडीच्या बाहेर घ्या, दोन पिनेचा प्लग बदलून तीन पिनेचा बसवा आणि हिरवी वायर पत्र्याला स्क्रूनं जोडून घ्या. पाणी भरताना पिन काढलेली असावी. दरवर्षी कूलरच्या पत्र्यानं जीव जातात.

मिक्सरचं लवकर आटोपतं. त्याच्या बुडाचं लाल बटण बाहेर आलं असेल तर तो मिक्सरचा स्वतःचा बंदोबस्त आहे, बॉक्सशी संबंध नाही. भांडं कमी भरा, पाच मिनिटं थांबून बटण आत दाबा. वड्यांची भिजवलेली डाळ वाटताना आरसीसीबी पडत असेल तर भांडं उलटं करून पाहा. मधल्या पितळी बुशभोवती काळपट ओघळ दिसला की तिथून पाणी मोटरवर उतरतंय. बुश आणि सील बदलून घ्या. इंडक्शनची पिन खोचताक्षणी एमसीबी ठाककन पडली, तर आतला बोर्ड शॉर्ट आहे, झुरळांनी किंवा विजांच्या कडकडाटानं. पुन्हा पुन्हा उचलून पाहू नका.

राहिली घरघंटी. एक एचपीची मोटर चालताना पाच-सहा अँप घेते, पण सुटताना त्याच्या पाच-सहा पट, तीस-पस्तीस. सकाळी व्होल्टेज बरं असतं, मोटर सेकंदाभरात वेग घेते आणि एमसीबीला कळायच्या आत करंट खाली येतो. संध्याकाळी १८० व्होल्ट असलं की मोटरचा जोर चाळीस टक्क्यांनी कमी होतो, कारण जोर व्होल्टेजच्या वर्गानं घटतो. ती सुटतच नाही, गुरगुरत उभी राहते आणि पंचवीस-तीस अँप ओढत राहते. दहाची एमसीबी ते काही सेकंद सहन करते आणि पडते. ती पडली नसती तर वाइंडिंग जळालं असतं.

इथं तीन गोष्टी करा. दाणे आधी टाकून कधी सुरू करू नका. रिकामी सुरू करायची, आवाज एकसारखा झाला की मग झडप उघडून ज्वारी सोडायची. बंद करतानाही आतलं सगळं दळून होऊ द्या, नाहीतर उद्या तीच गच्च भरलेली चक्की सुटायची असते. दुसरं, कपॅसिटर बदलून घ्या. सकाळीसुद्धा सुटायला पूर्वीपेक्षा वेळ लागत असेल, तर तो उतरलाय. आकडा मोटरवरच्या जुन्या कपॅसिटरवर असतो, मायक्रोफॅरड आणि व्होल्ट दोन्ही तेच घ्या. मोठा टाकला तर मोटर तापते. तिसरं, दहाची एमसीबी 'बी' प्रकारची आहे का ते पाहा. तिच्यावर 'बी१०' असं लिहिलेलं असेल तर ती ३० अँपलाच चुंबकानं पडू शकते, म्हणजे सकाळीही कधीतरी पडणार. तिथं 'सी' हवी. लाइन अडीचच्या वायरीची असेल तर सोळाची 'सी' चालेल. दीडची असेल तर दहाचीच 'सी'. आणि दळण सकाळीच उरका. १९० च्या खाली व्होल्टेज असताना घरघंटी लावूच नये, फ्रीजही बंद ठेवलेला बरा, त्याच्या कंप्रेसरची गतही हीच होते.

व्होल्टेज महिनोन् महिने कमीच राहत असेल तर महावितरणच्या १९१२ वर तक्रार नोंदवा, वेळ आणि मल्टिमीटरवर दिसलेला आकडा सांगा. आणखी एक: वीजबिलावर 'मंजूर भार' पाहा. गावातल्या बऱ्याच जोडण्या एक किलोवॅटच्या किंवा त्याहूनही कमी असतात, आणि तुमचं इंडक्शन एकटंच दोन किलोवॅटचं आहे. नव्या दोन लाइन टाकायच्या आधी भारवाढीचा अर्ज करा आणि वायरमनकडून खांबावरून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर तपासून घ्या. आरसीसीबी २५ अँपची असेल तर तिच्या आधीची मेन एमसीबी २५ च्या वर नसावी. ती बत्तीसची निघाली, तर तेवढी एक मात्र वायरमनकडून बदलून घ्या.